टेडीच्या पायातला काटा

"आमच्या हौसेपायी लेकीच्या मनात कायमची भीती बसली असेल का हो ताई?"

समुपदेशनासाठी माझ्याशी पहिल्या भेटीची वेळ ठरवतानाच एका आईनं हा प्रश्न लिहून पाठवला होता. हाच प्रश्न मी याआधी किती तरी आईबापांकडून ऐकला आहे. कुणाचं मूल हर्णैच्या किनाऱ्यावर लाटेखाली गेलेलं असतं, कुणाचं जत्रेत दहा मिनिटं हरवलेलं असतं. इथे निमित्त होतं वाळवंटाचं.

जोडपं कॅलिफोर्नियातलं, मूळचं सांगलीकडचं. भेटी व्हिडिओ कॉलवर; माझ्याकडे पुण्यात सकाळचे साडेआठ वाजायचे तेव्हा त्यांच्याकडे आदल्या संध्याकाळचे सात. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, आणि मुलीला इथे माऊ म्हणते. माऊ तेव्हा दोन वर्षं दोन महिन्यांची होती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागली आणि तिघं जोशुआ ट्री नॅशनल पार्कला गेले. मोहावे आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटं तिथे एकमेकांना मिळतात. उन्हाळ्यात तिथे पारा ३८ अंश सेल्सियसच्या वर जातो, तेव्हा तान्ह्या-लहानग्यांना घेऊन पायी फिरायची ती जागाच नव्हे. नोव्हेंबरात मात्र दिवस सुखाचे असतात आणि रात्री कडाक्याच्या. म्हणजे वेळ चुकली नव्हती. उद्यानात आत पाणी जवळजवळ कुठेच मिळत नाही, फोनला रेंज नसते, हे वाचून माणशी चार-चार लिटर पाणी गाडीत भरलं होतं. टोप्या, सनस्क्रीन, वरणभाताचा डबा, सगळं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण बेजबाबदार माणसांच्याच मुलांना असं काही होतं, ही समजूत आधी बाजूला ठेवायला हवी.

सकाळी बार्कर डॅमची वाट, मग हिडन व्हॅलीची. दोन्ही साधारण मैल-सव्वा मैलाच्या, दोघांच्या दृष्टीनं किरकोळ. माऊ बाबाच्या पाठीवर, कॅरिअरमध्ये. दुपारी कवटीच्या आकाराच्या त्या प्रसिद्ध खडकापाशी फोटो झाले. दुपारची झोप झाली ती गाडीत, वीस मिनिटांची. आणि सूर्यास्त गाठायचा म्हणून चोया कॅक्टस गार्डन.

चोया हे निवडुंग ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. याच्या एका जातीचं नावच टेडी बेअर चोया. लांबून बघितलं तर अंगभर मऊ सोनेरी लव आल्यासारखं दिसतं, आणि कलत्या उन्हात तर ते नुसतं उजळून निघतं. ती लव म्हणजे काटे. प्रत्येक काट्याला डोळ्यांना न दिसणारे उलटे दाते असतात. नुसता धक्का लागला तरी फांदीचा तुकडा सुटून अंगाला चिकटतो, इतका पटकन की झाडानं उडी मारली असंच वाटतं.

दिवसभर पाठीवर बसून आंबलेल्या माऊला बाबानं तिथे खाली उतरवलं. ती पळत सुटली आणि वाटेच्या कडेला पडलेला एक गोळा तिनं "टेडी!" म्हणत उचलला.

पुढची तीन-चार मिनिटं आईनं मला तीन भेटींत तीन वेळा सांगितली. बाबानं घाईनं हातानंच तो गोळा ओढला, तो त्याच्या बोटांना चिकटला. माऊ किंचाळत होती, आई तिच्याहून मोठ्यानं. शेवटी शेजारून जाणाऱ्या एका वयस्क बाईंनी केसांची फणी काढली, हात आणि गोळा यांच्या मध्ये सरकवली आणि एका झटक्यात गोळा दूर उडवला. मागे राहिलेले बारीक काटे चिमट्यानं काढले. (ही फणीची युक्ती तिकडे फिरणाऱ्यांना माहीत असते. फणी आणि चिमटा सोबत ठेवावा, काटेरी गोळ्याला हात लावू नये.) दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हात तपासला, आत काही राहिलेलं नव्हतं. चार दिवसांत लाली गेली.

हात बरा झाला, घर मात्र बिघडलं. आई माऊला बागेतल्या हिरवळीवरही उतरवेना. नवरा-बायकोत बोलणं म्हणजे सामानाची यादी तेवढी उरली. सांगलीहून व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा लेकराला घेऊन वाळवंटात कशाला तडफडायचं?" त्या दिवशी तर माऊची आई रात्रभर झोपली नाही.

मी विचारलं, "माऊ आता काय करते?"

आईचा आवाज दाटला. "रोज एकच खेळ खेळते. माझी फणी घेते, तिच्या टेडीच्या पायाला लावते, 'ओई, ओई' करते. मग फणी उडवते आणि म्हणते, 'गेलं!' दिवसातून दहा वेळा. डोक्यातून जातच नाहीये तिच्या."

"'गेलं' म्हणताना तिचा चेहरा कसा असतो?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. बाबा म्हणाला, "हसते ती. टाळ्या वाजवते."

मला इथेच हायसं वाटलं, आणि मी ते त्यांना सांगितलंही. दोन वर्षांच्या मुलाकडे घडलेलं सांगायला शब्द नसतात, ते खेळून सांगतं. ज्या खेळात दुखतं, मग कुणी तरी येतं, मग बरं वाटतं, तो खेळ म्हणजे मूल तो प्रसंग पचवतंय. तो थांबवायचा नाही. जवळ बसायचं, टेडीला फुंकर घालायची. काळजी करायची ती वेगळ्या खेळाची: जो तोंडावर हसू नसताना, तसाच्या तसा, यंत्रासारखा चालतो आणि ज्याला 'गेलं' हा शेवटच नसतो. किंवा महिना उलटला तरी झोप विस्कटलेली, येत असलेले शब्द गेलेले, सुटलेलं डायपर परत लागलेलं, साध्या आवाजानं दचकणं. असं असेल तर बालरोगतज्ज्ञ आणि बालमानसतज्ज्ञ, दोघांनाही दाखवावं, वाट बघू नये. माऊला यातलं काहीच नव्हतं.

एक गोष्ट मात्र होती, आणि ती बाबानं जरा चाचरत सांगितली. बाल्कनीतल्या तुळशीला माऊ रोज पाणी घालायची. हल्ली हात पुढे करते, आईकडे बघते आणि हात मागे घेते.

१९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. वर्षाच्या बाळांना एका काचेवर ठेवलं होतं. काचेखाली एका ठिकाणी थोडा खोलगट भाग दिसत होता, पण काच सलग होती. पलीकडे आई उभी. जिथे आईचा चेहरा हसरा होता तिथे बहुतेक बाळं रांगत पलीकडे गेली. जिथे आईनं घाबरलेला चेहरा केला होता तिथे एकही बाळ पुढे गेलं नाही. काच तीच, खोली तीच. या वयात जग सुरक्षित आहे की नाही, हे मूल आपल्या माणसाच्या तोंडावर वाचतं. चोयाचा काटा माऊच्या हातातून निघाला होता. तुळशीची भीती तिला त्या काट्यानं दिलेली नव्हती.

हे ऐकून आई रडायला लागली. "म्हणजे परत माझंच चुकलं."

तसं नाही, हे तिला पटेपर्यंत मी पुढे गेले नाही. घाबरलेल्या बाईला 'घाबरू नकोस, पोरीवर परिणाम होतो' एवढं सांगून सोडणं म्हणजे तिच्या ओझ्यावर आणखी एक गाठोडं ठेवणं. ती एवढी का घाबरली आहे, हे विचारायला हवं. म्हणून मी काट्याच्या आधीचा दिवस विचारला, अगदी पहाटेपासून.

आणि तो दिवस वेगळाच निघाला. सकाळी सातला ती नवऱ्याला म्हणाली होती, "माऊचे पाय गार पडलेत." तो म्हणाला होता, "चालायला लागलो की ऊब येईल."

हे वाक्य मी त्याला परत म्हणायला लावलं. म्हणता म्हणता तोच थांबला. चालणार होता तो. माऊ तर पाठीवर निश्चल बसलेली होती, तिला ऊब येणार कुठून? गारठ्यात आणि उन्हात, दोन्हीकडे हा फसवा भाग असतो. चालणाऱ्याचं शरीर एक सांगतं आणि पाठीवरच्याचं दुसरंच. लहान मुलाचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि लवकर गार पडतं. आपल्याकडे सह्याद्रीत घाम ओघळतो म्हणून पाणी प्यायची आठवण तरी होते. वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम जागीच उडून जातो. आपल्यालाच कळत नाही, तर तहान लागली हे दोन वर्षांचं मूल काय सांगणार? मागण्याची वाट न बघता घोट-घोट पाजत राहायचं आणि डायपर ओलं होतंय ना, हे बघत राहायचं.

दुपारी तीनला ती म्हणाली होती, "आता पुरे, ती दमलीये." तो म्हणाला होता, "एवढं शेवटचं, सूर्यास्त चुकेल." साडेचारच्या सुमारास सूर्य टेकला तेव्हा माऊच्या हातात चोया होता.

"तू माझं ऐकलं नाहीस," ती म्हणाली. तीन आठवडे धुसफुसत होते, पण हे वाक्य घरात तोवर कुणी उच्चारलं नव्हतं.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याचं निघालं. दोघांची ओळख हरिश्चंद्रगडावरची. नळीच्या वाटेनं चढून कोकणकड्यावर काढलेल्या रात्रीनंतर लग्न ठरलेलं. "माऊ झाल्यापासून आम्ही दोघं कुठे गेलोच नाही. त्या दिवशी मला वाटलं, एक दिवस तरी पूर्वीसारखं व्हावं. ती 'पुरे' म्हणाली ना, तेव्हा मला वाटलं, आपलं ते सगळं संपलं." डोळे पुसत त्यानं कॅमेरा जरा बाजूला वळवला.

मला त्याची हौस चुकीची वाटत नाही. मूल झाल्यावर आईबापांनी डोंगर सोडावेत, असं मी कधीच सांगणार नाही. पण ती सहल आखली होती दोन माणसांची, आणि तिसरं पाठीवर बांधून घेतलं होतं. दोन वर्षांचं मूल कुठे पोचायला चालत नाही. त्याला एक दगड दिसला की त्याचा मुक्काम आला.

त्यानं माफी मागितली ती नेमकी मागितली, हे मला महत्त्वाचं वाटलं. "सॉरी, झालं ते झालं" असं नव्हे. "सातला तू पाय गार म्हणालीस आणि तीनला पुरे म्हणालीस, दोन्ही वेळा मी ऐकलं नाही." तिचे खांदे खाली आलेले मला स्क्रीनवर दिसले.

मग कामं सोपी होती. माऊला रोज झोपताना चार वाक्यांची गोष्ट सांगायची, दोघांनी मिळून: माऊच्या हाताला काटा लागला. खूप दुखलं. आजीनं फणीनं काढला. आता हात बरा आहे. तुळशीपाशी आईनं आधी स्वतः पान चुरगाळून वास घ्यायचा, माऊला बोलवायचं नाही. पाचव्या दिवशी तिनं आपणहून नाक पुढे केलं. सासूबाईंना उत्तर नवऱ्यानं द्यायचं ठरलं, कारण आई त्याची. "आई, नेलं मी होतं, आणि पुढच्या वेळी तिचं ऐकणार आहे," एवढंच तो म्हणाला. सासूबाई म्हणे त्यावर फक्त "बरं" म्हणाल्या आणि माऊचा हात बघायला मागितला.

मार्चमध्ये ते परत गेले. एका दिवसाला एकच वाट, दुपारची झोप मुक्कामावर, आणि जो आधी 'पुरे' म्हणेल त्याचं ऐकून मागे फिरायचं, का ते विचारायचं नाही. संध्याकाळी एक तास त्याचा एकट्याचा, हव्या त्या खडकावर. दुसऱ्या दिवशी तोच एक तास तिचा.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "मग किती चाललात?"

"गाडीपासून शंभर पावलं असतील," तो म्हणाला. "तिला एक खळगा सापडला. वाळू भरायची, ओतायची. दीड तास."

"आणि तुम्ही?"

"बसलो," ती म्हणाली. "चहा होता थर्मासमध्ये. खूप दिवसांनी आम्ही गप्पा मारल्या."