कवळी रोज धुऊनही बुळबुळीत का?

प्रश्न : सासऱ्यांची कवळी रोज धुते, तरी सकाळी बुळबुळीत लागते. लसणाच्या रसात बुडवू का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : ताई, नको. ती बुळबुळ म्हणजे जिवाणूंची वसाहत, बायोफिल्म. जिवाणू रेणू सोडून एकमेकांना हाक देतात. पुरेसे जमले की सगळे मिळून वागणं बदलतात. ठेचलेल्या लसणापासून बनणारं अजोईन हे रसायन स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूंची ही हाक दाबतं, त्यांना न मारता! तीस वर्षं प्रयोगशाळेत काढूनही मला याचं अप्रूप वाटतं. पण ते प्रयोगशाळेतलं. चिकटलेला थर घासल्याशिवाय निघत नाही. मऊ ब्रश घ्या, साबणाचं पाणी घ्या, आणि टाळूला टेकणारी आतली बाजू घासा. तिथल्या खाचांतच तो धरतो. रात्री कवळी साध्या पाण्यात ठेवा. उकळतं पाणी नको, ती वाकडी होते.