आईवडील ठाण्याहून बेळगाव सीमाभागातल्या गावी कायमचे राहायला जाणार आहेत. रोजच्या जगण्यात काय बघून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की वडील ७२ चे, आई ६८ ची, दोघांनाही कानडी येत नाही आणि खानापूर तालुक्यातलं वडिलोपार्जित घर बरीच वर्षं बंद आहे. त्रास होतो का, देवधर्म नीट होतो का आणि सीमावाद कितपत आड येतो, एवढं तुम्हाला हवंय. चौकातला सीमावाद म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला वर्षातून चार-पाच दिवस येतो, कागदावरचा मात्र बाराही महिने. म्हणून कागदापासून सुरुवात करतो.

इकडे उतारा, घरपट्टी, रेशन कार्ड सगळं कानडीत असतं. मराठी नाव आधी कानडीत उतरतं आणि पुढे कुणीतरी ते कानडी वाचून इंग्रजीत टाईप करतं. कानडीत शेवटचा 'अ' उच्चारतात, त्यामुळे 'गणपत' वाचताना 'गणपता' होतो आणि इंग्रजीत त्याच्या मागे एक जादा अक्षर चिकटतं. त्यात जुन्या माणसांची नावं उताऱ्यावर घरच्या हाकेची असतात. उताऱ्यावर गुंडू, शाळेच्या दाखल्यावर गणपत, पेन्शनच्या पुस्तकात नुसती आद्याक्षरं, आणि ही तिन्ही एकाच माणसाची! मराठी असल्यामुळे कुणी मुद्दाम अडवतं असं दरवेळी नसतं. बहुतेक कामं या एका अक्षराच्या फरकावर अडकतात.

ठाण्यातून निघण्याआधीच एक वही घ्या. आधार, पॅन, पासबुक, पेन्शन, उतारा, घरपट्टी आणि मतदार कार्ड यांवर नाव जसंच्या तसं काय आहे ते एकाखाली एक लिहून काढा. आधार आणि पॅनवरचं इंग्रजी स्पेलिंग एकसारखं करून तेच कायम धरा, बाकीचे कागद त्याकडे वळवत न्या. उताऱ्यावरचं नाव वेगळं असेल तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं अॅफिडेव्हिट नोटरीकडून करून घ्या, आणि ते कानडीतच करा. मराठीतलं केलं तर नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कचेरीत, पुन्हा भाषांतर मागतात. वडिलांचा आधारवरचा पत्ता लवकर बदला, मतदार यादीतलं नाव नमुना ८ भरून इकडे आणा.

उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल, आणि बंद घरांच्या बाबतीत निम्म्या वेळा तसंच असतं, तर 'पौती खातं' करावं लागतं. आपल्याकडच्या वारसनोंदीचंच हे इकडचं नाव. मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि सगळ्या वारसांचे आधार लागतात. घोळ वारसांत होतो. मुंबईत दिलेल्या आत्याचं नाव वंशावळीत घातलं नाही तर आज काम लवकर होतं आणि दहा वर्षांनी तिचा नातू कोर्टात उभा राहतो. सगळी नावं घाला. पौती झाल्यावर नावं सामाईक लागतात. वेगवेगळे हिस्से हवे असतील तर मोजणी करून 'पोडी' करावी लागते आणि सर्व्हे नंबरातला तुकडाच विकायचा असेल तर '११-ई' नकाशा लागतो. ज्याला आपण तलाठी म्हणतो त्याचं इकडचं पद 'ग्राम आडळित अधिकारी', पण गावात तलाठी म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.

क्षेत्र वाचताना एक चूक हटकून होते. महाराष्ट्राचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, इकडचा उतारा एकर, गुंठे आणि आण्यांत. ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. '१-२०' म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. ठाण्यातली माणसं ते १.२० एकर समजून हिशेब करतात आणि भावाभावांत वाजतं. गावठाणातल्या घराचा कागद ग्रामपंचायतीत 'ई-स्वत्तु' या ऑनलाइन नोंदणीतून निघतो, नमुना ९ आणि नमुना ११. ते दोन्ही असल्याशिवाय घर विकता येत नाही, त्यावर कर्जही मिळत नाही. अर्ज-दाखल्यांसाठी तालुक्याला खेटे घालू नका, 'ग्राम वन' केंद्रात बरीच कामं होतात.

बंद घराच्या विजेचं वेगळंच आहे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत बिल माफ असं ऐकून माणसं निर्धास्त येतात. प्रत्यक्षात २०२२-२३ मधली सरासरी धरून त्यावर थोडी सूट मिळते. त्या वर्षी घर बंद होतं, म्हणजे सरासरी नगण्य, म्हणजे माफीही नगण्य. वरच्या युनिटचे पैसे भरावे लागतात. गिझर लावण्याआधी हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन आपल्या मीटरला किती युनिट लागू आहेत ते विचारून घ्या.

बसचं सोपं आहे. आईच्या आधारवर कर्नाटकचा पत्ता आला की राज्यातल्या साध्या बसमध्ये बायकांना असतं ते शून्य तिकीट. ही योजना जून २०२३ पासून चालू आहे, पण राज्याबाहेर जाणाऱ्या बसला चालत नाही आणि ठाण्याच्या पत्त्यावर तर मुळीच चालत नाही. वडिलांना ज्येष्ठ म्हणून पाव भाडं माफ. कोल्हापूरला महाराष्ट्राच्या एसटीने गेलात तर तिथली सवलत त्या राज्याच्या हद्दीपुरती.

दवाखान्यासाठी बेळगाव जवळ आहे, खानापूरहून २६ किलोमीटर. मोठ्या कामाला लोक मिरज, कोल्हापूरलाही जातात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते पाहा आणि भरती होण्याआधी रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. भरती झाल्यावर कागद गोळा करायला गेलं की बिल आधीच तयार असतं.

भाषेबद्दल घाबरू नका. बेळगाव, खानापूर, निपाणीत दुकानदार, डॉक्टर, रिक्षावाला, भटजी यांना मराठी येतं. उलट इथली मराठीच आईला आधी नवी वाटेल. शेजारीण 'काय करूलालाय?' म्हणाली तर ते 'काय करताय' एवढंच. कानडी अडतं ते कचेरीत आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत. तेवढ्यापुरते शब्द पाठ करा: हेसरु म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, ऊरु म्हणजे गाव, एष्टु म्हणजे किती, नाळे म्हणजे उद्या. 'नाळे बर्री' हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येईल. आणि शेवटचा 'री' कधी सोडू नका. 'बा' म्हटलं तर अरेतुरे होतं, 'बर्री' म्हटलं तर या. 'कन्नड बरंगिल्ल री', म्हणजे कानडी येत नाही हो, इतकं हसून म्हटलं की समोरचा बहुधा स्वतःच मराठीत येतो.

अर्ज मराठीत द्यावा का? घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क आहे, आणि तो सोडू नये असं माझं मत आहे. पण काम याच आठवड्यात व्हायला हवं असेल तर कानडीत लिहून घ्या. हक्काचा अर्ज मराठीत द्या, त्याची पोच शिक्क्यानिशी घ्या आणि वाट बघायची तयारी ठेवा. पेन्शनचा अर्ज आणि चळवळ एकाच कागदावर करू नये.

आता ते चार-पाच दिवस. १७ जानेवारी हा १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांचा दिवस. १ जूनला १९८६ च्या कानडी सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना बेळगावजवळ हिंडलग्याला अभिवादन करतात. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन. त्या दिवशी बँकाही बंद, आणि पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिनाही तेव्हाच सुरू होतो, म्हणून दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून करा किंवा दोन-तीन तारखेला जा. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हॉटेलं भरतात आणि बंदोबस्त वाढतो. याखेरीज कुठेतरी ठिणगी पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टरच्या भांडणावरून दोन राज्यांतल्या बस थांबल्या होत्या. अशा वेळी निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर अडकून बसण्यापेक्षा बेळगाव-मिरज रेल्वे धरा, घटप्रभा, रायबाग, कुडची करत ती जाते. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाली निघण्याची वाट बघत इथे कुणी भाकरी थापायचं थांबवत नाही.

देवधर्माची काळजी तर मुळीच नको. दोन्हीकडे महिने अमावास्येला संपतात, त्यामुळे तिथी जुळतात. फरक असतो सणांच्या नावांत आणि क्रमात. बैलांचा सण निपाणीकडे ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर म्हणून होतो, महाराष्ट्राचा बेंदूर आषाढात. आपली कोजागरी ती कानडी शेजाऱ्यांची शीगी हुण्णिमे. त्या दिवशी ते शेतात जेवण नेऊन शिवारात नैवेद्य शिंपडतात आणि बोलावलं तर आईने जावं. बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, दुसऱ्या दिवशी तृतीयेला बसवजयंती. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक निघते तेव्हा रस्ते बंद असतात. दवाखान्याची तारीख या दिवसांत घेऊ नका.

खेड्यात आषाढात 'वार पाळणूक' असते. गावाने ठरवलेल्या मंगळवारी किंवा शुक्रवारी शेतात औत धरत नाहीत. नव्याने आलेली माणसं नेमकी त्याच दिवशी कुंपणाचं काम काढतात, माणूस मिळत नाही आणि वर बोलणी बसतात. देवळाच्या कट्ट्यावर आधी विचारावं. कट्ट्याचा उपयोग बराच आहे. सकाळी 'तरुण भारत' तिथे येतो, १९१९ पासूनचा बेळगावचाच पेपर. म्हातारी माणसं आधी निधनवार्तेचं पान उघडतात, राजकारण चहानंतर. वडिलांनी पहिले दोन महिने नुसतं ऐकावं. कोण कुठल्या गटाचा हे कळल्याशिवाय सीमाप्रश्नावर मत दिलं की ते संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गल्लीत पोचतं, आणि पोचेपर्यंत बदललेलं असतं.

सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचं ठरवाल तेव्हा आईच्या गुडघ्यांचा विचार आधी करा. मार्गशीर्ष, माघ आणि चैत्र पौर्णिमेला तिथे अफाट गर्दी असते, मंगळवार-शुक्रवारीही कमी नसते. बुधवारी किंवा गुरुवारी जा. बेळगावहून अंदाजे ऐंशी किलोमीटर. रीतीप्रमाणे आधी पायथ्याला जोगुळभावीत स्नान आणि सत्यम्माचं दर्शन, मग डोंगर. घरचा नैवेद्य न्यायचा असेल तर भाकरी, वांग्याची भाजी, मेथी, कांद्याची पात आणि आंबील. आंबिलीसाठी वाटीभर ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात रात्रभर भिजवा. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात मीठ-जिरं घाला आणि भिजवलेलं पीठ धार धरून ढवळत सोडा. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि मग कितीही घोटलं तरी मोडत नाहीत. लसूण घालायचा की नाही ही घरोघरची रीत. गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरलेली आंबील वाटेतच फसफसते. देवीला मुलगी सोडण्याचा विषय कुणी चुकूनही काढला तर तिथेच थांबवा. कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि त्याबाबत भिडेखातर गप्प बसू नये.

खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूचा पाऊस ठाण्याला हसतो. घर कौलारू असेल तर मेमध्ये, रोहिणी लागण्याआधी, कौलं शाकारून घ्या. फुटकी बदलायला दोन-तीनशे कौलं जास्तीची आणून ठेवा, कारण जुन्या मापाची ऐन वेळी मिळत नाहीत. वाशांना वाळवी आहे का ते बोटाने नव्हे, सळईने टोचून बघा. आईवडिलांना दिवाळीनंतर न्या म्हणजे घर कोरडं असेल आणि कामाला माणसंही मिळतील. मृग लागल्यावर मात्र कुणी छपरावर चढत नाही.