प्रश्न तुमचे : एम.टेक. करू, की नोकरीच बरी?

बी.ई.नंतरच्या वाटांवर या सदरात लिहिलं आणि तेव्हापासून पत्रांचा विषय एकच आहे : सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगमधली मास्टर्स. बरीच पत्रं एकाच वळणाची होती, त्यातलं एकेक निवडलंय. नावं गाळली आहेत. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली, कारण ते पत्र निम्म्या हिंजवडीने लिहिलं असतं.

ताई, मी ई अँड टीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनचा) इंजिनीअर. हिंजवडीत चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय. मॅनेजर म्हणतात, पुढे जायचं तर एम.टेक. करून टाक. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम करता येतो, पण फी माझ्याच खिशातून जाणार. घरी लग्नाचं बघतायत. खरंच उपयोग होईल का? — पिंपरीहून एक वाचक

ताई म्हणालास म्हणून एकेरीत लिहिते.

आधी मॅनेजरचं बघू. ‘करून टाक’ हे आश्वासन नव्हे. पदवी मिळाल्यावर कंपनी नेमकं काय देणार, हे एचआरला मेल करून विचार. फीमधला काही वाटा कंपनी उचलते का, तेही त्याच मेलमध्ये. कित्येक कंपन्यांत अशी सोय असते आणि मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. उत्तर गुळमुळीत आलं, तर पगारवाढीच्या भरवशावर हे करू नकोस. दुसरं कारण असेल तरच कर.

दुसरं कारण असू शकतं, आणि टेस्टरपाशी ते इतरांपेक्षा जास्त असतं. या विषयात नवीन प्रोग्रामिंगची भाषा शिकवत नाहीत. ती तू यूट्यूबवर शिकशील. माणसं बदलत राहतात, नियम बदलत राहतात आणि सॉफ्टवेअर मात्र पंधरा-वीस वर्षं चालवायचं असतं, ते कसं चालवायचं, हा विषय आहे. रिक्वायरमेंट्स (काय हवंय ते ठरवणं), आर्किटेक्चर (आतली रचना), टेस्टिंग, मेन्टेनन्स, प्रोजेक्ट मॅनेजमेंट अशी पेपरांची नावं वाचून झोप येते, हे कबूल. पण हातात एखादं उदाहरण घेऊन बस.

आपल्या एसटीचंच घे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. कंडक्टरच्या हातातल्या मशीनसाठी हे लिहायला घेतलं, तर नवशिका पोरगा तीन ‘इफ’ (म्हणजे ‘असं असेल तर तसं कर’ अशा अटी) टाकून मोकळा होईल. आता टेस्टर म्हणून तू बस. ७० वर्षांच्या आजींना दोन्ही नियम लागू होतात. मग अर्ध्याचं अर्धं करून पाव तिकीट फाडायचं का? तिन्ही ‘इफ’ एकमेकांपासून सुटे ठेवले तर मशीन तेच करेल. आणि क्रम चुकला, ऐंशीच्या आजींच्या बाबतीत महिलांचा नियम आधी तपासून तिथेच थांबलं, तर मोफतचा हक्क असूनही त्यांच्याकडून अर्धे पैसे घेतले जातील. ६४, ६५, ७४, ७५ ही वयं घालून बघायचीच, कारण चुका काठावर बसलेल्या असतात. याला बाउंड्री व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस म्हणतात, हे तुला ठाऊक आहे. सगळ्या अटी उभ्या-आडव्या मांडल्या की डिसिजन टेबल होतं, तेही ठाऊक असेल.

पण यापुढचे प्रश्न टेस्टिंगचे राहत नाहीत. वय कोणत्या तारखेचं धरायचं, आरक्षण केलं त्या दिवसाचं की प्रवासाच्या दिवसाचं? कोणाचा पंचाहत्तरावा वाढदिवस नेमका मधेच आला तर? सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, मग कोल्हापूर-बेळगाव गाडीत तिकिटाचे दोन तुकडे कसे पाडायचे? आरक्षणाचे पैसे वेगळे घ्यायचे का? उद्या नवी योजना आली, तर हा सगळा कोड फाडून पुन्हा लिहायचा, की नियम वेगळ्या तक्त्यात ठेवले होते म्हणून फक्त तक्ता बदलायचा? पहिले प्रश्न रिक्वायरमेंट्सचे, शेवटचा आर्किटेक्चरचा. असे प्रश्न कोड लिहून झाल्यावर नाही, आधी विचारायची सवय लागते, आणि ते कोणाला विचारायचे हेही कळतं. चार वर्षं तू दुसऱ्यांनी अर्धवट विचारलेल्या प्रश्नांचे परिणाम बग, म्हणजे चुका, म्हणून नोंदवत बसलायस. तुला हे वर्गातल्या फ्रेशरपेक्षा लवकर भिडेल.

आता अडचणी. नोकरीसोबतच्या अभ्यासक्रमांत बिट्स पिलानीचा जुना आणि सगळ्यांच्या ओळखीचा आहे. चार सेमिस्टर असतात. शेवटच्यात प्रबंध, तोही आपल्याच कामाच्या ठिकाणच्या प्रश्नावर करता येतो. इतर ठिकाणी चौकशी करताना पदवीच्या मान्यतेचं पत्र मागायला लाजू नकोस. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्राद्वारे शिकवून दिलेल्या तांत्रिक पदव्यांवर कडक निकाल दिला होता आणि पुष्कळ लोक त्यात होरपळले. कंपनीला फरक पडत नसेल, पण उद्या तुला पीएच.डी.ला किंवा कॉलेजात शिकवायला जायचं असेल, तर पडेल.

प्रबंधाचा विषय पहिल्या सेमिस्टरपासून डोक्यात ठेव. मी कंपन्यांत हाडं झिजवून आता अशा मुलांचे प्रबंध तपासते. निम्म्यांचा विषय शेवटच्या महिन्यात सुचलेला असतो आणि ते दुसऱ्या पानावर कळतं. तुझ्या रोजच्या कामात विषय पडलेला आहे : एकदा पास, एकदा फेल होणाऱ्या टेस्ट. कोडला हात लागलेला नसताना सकाळी हिरव्या, दुपारी लाल. टीमवाले काय करतात, ‘रीरन’ दाबतात आणि चहाला जातात. यातल्या किती वेळेवर अवलंबून आहेत, किती दुसऱ्या टेस्टनी मागे ठेवलेल्या डेटावर, किती नेटवर्कवर, हे तीन-चार महिन्यांच्या लॉगमधून (मशीनने ठेवलेल्या नोंदींतून) वर्गवार काढलंस तरी चांगलं काम होईल. मात्र कंपनीचा डेटा बाहेर नेण्याची परवानगी लेखी घे, आधी. विषय पक्का झाल्यावर लीगलवाल्यांनी नाही म्हटलं की सेमिस्टर गेलंच म्हणून समज.

आणि लग्न. मुलगी बघायला जाशील तेव्हा सांगून टाक की दोन वर्षं शनिवार-रविवार माझे नाहीत. परीक्षेच्या तारखा आधी मिळतात, त्या मुहूर्त काढणाऱ्या काकांच्या हातात दे.

आदरणीय मॅडम, माझी मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगमध्ये एम.टेक. करायचं आहे. नातेवाईक म्हणतात एम.सी.ए. करा. काय करावं? — सांगली जिल्ह्यातून एक पालक

पत्र मुलीने लिहिलं असतं तर जास्त आवडलं असतं. पुढचं तिला वाचायला द्या.

तुमचे नातेवाईक या वेळी बरोबर आहेत. एम.टेक.ला बहुतेक ठिकाणी बी.ई., बी.टेक. किंवा एम.सी.ए., एम.एस्सी. लागते, नुसत्या बी.एस्सी.वर दार उघडत नाही. एम.सी.ए. पूर्वी तीन वर्षांची होती, २०२०-२१ पासून दोन वर्षांची झाली, त्यामुळे वर्ष वाया जातं ही जुनी तक्रारही उरलेली नाही. राज्यात त्यासाठी सीईटी असते. बारावीला किंवा पदवीला गणित असणं बघितलं जातं, तेवढं तपासा.

मग एम.टेक. सोडून द्यायचं का? नाही. तिने गेट ही एम.टेक. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा द्यावी. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात. म्हणजे एम.सी.ए. करतानाच परीक्षा देऊन ठेवता येते. पेपर तीन तासांचा, १०० गुणांचा. त्यात १५ गुण सर्वसाधारण कलचाचणीचे असतात आणि ते सोडून येणारी हुशार मुलं मी दरवर्षी बघते. गेटमधून पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर मान्यताप्राप्त संस्थेत महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन असतं. त्या बदल्यात प्रॅक्टिकल घेणं, पेपर तपासणं अशी कामं करावी लागतात. पुण्या-मुंबईत एवढ्यात खोली आणि मेस निघत नाही, पण घरून मागायची रक्कम निम्म्यावर येते.

एक सूचना तिच्यासाठी. पदवीच्या नावात ‘सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग’ हवंच असा हट्ट धरू नकोस. आयआयटीत साधारणपणे ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग’ हेच नाव असतं आणि हा विषय आत इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून घ्यावा लागतो. विभागाच्या संकेतस्थळावर प्राध्यापक सध्या कशावर काम करतात ते बघ. प्रोग्राम अ‍ॅनालिसिस, टेस्टिंग, व्हेरिफिकेशन यावर काम करणारं एखादं माणूस तिथे असेल, तर नाव काहीही असो, तुझा विषय तिथे आहे.

मला जर्मनीत मास्टर्स करायची आहे. तिथे फी नसते म्हणतात. खरं का? — नाशिकहून एक वाचक

अर्धं खरं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सेमिस्टरची किरकोळ वर्गणी असते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो सुरू केले आहेत. खरा धक्का फीचा नसतो, ब्लॉक्ड अकाउंटचा असतो. राहण्याखाण्याची सोय दाखवायला वर्षाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात भरावे लागतात. अर्ज भरण्याआधी रक्कम पुन्हा बघून घ्या, ती वाढत असते. आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएस या जर्मन केंद्राचं प्रमाणपत्र २०२२ च्या अखेरीपासून सक्तीचं झालंय आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा विद्यापीठांचे अर्ज सुरू होण्याची वाट न बघता ते काम आधी करा.

विषयापुरतं सांगायचं तर कायझर्सलाउटर्न हे छोटं शहर यादीत ठेवा. तिथे विद्यापीठाशेजारी फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संघटनेची, केवळ सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगवर प्रयोग करणारी संस्था आहे. आणि जर्मन शिका. वर्ग इंग्रजीत चालतील, नोकरीच्या मुलाखतीनंतरचं जेवण जर्मनमध्येच चालतं.

एआय आता सगळा कोड लिहितं. मग दोन वर्षं सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग शिकून काय करू? — लातूरहून एक विद्यार्थी

तुझ्याआधी अकरा जणांनी हेच विचारलंय. तुझं पत्र सगळ्यात छोटं होतं म्हणून घेतलं.

४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातून एरियान ५ हा नवाकोरा रॉकेट उडाला आणि चाळीस सेकंदांच्या आत फुटला. कोड लिहिणाऱ्याला कोड येत नव्हता असं मुळीच नाही. आधीच्या एरियान ४ मध्ये तोच कोड वर्षानुवर्षं नीट चालला होता. नवीन रॉकेट जास्त वेगाने आडवा सरकत होता. त्या वेगाशी निगडित ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबला गेला, मावला नाही. तो आकडा एवढा मोठा होणार नाही असं जुन्या रॉकेटसाठी ठरलं होतं आणि नव्यासाठी कोणी पुन्हा तपासलं नाही. त्यावर कडी म्हणजे, हिशेबाच्या त्या तुकड्याचं उड्डाणानंतर एरियान ५ मध्ये काही कामच नव्हतं. जोडीला ठेवलेला दुसरा संगणकही त्याच कोडने चालत होता, म्हणून तोही त्याच कारणाने बंद पडला.

एआय तुला कोड देईल तो असाच असेल : कुठेतरी चाललेला, दिसायला स्वच्छ. तुझ्याकडे तो चालेल का, तो काय गृहीत धरून लिहिलाय, आणि ते गृहीत तुझ्या बँकेला, तुझ्या दवाखान्याला लागू आहे का, हे कोणीतरी बघायचं. कोड स्वस्त झाला की बघायचा कोड वाढतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हल्ली कोड लिहायला कमी आणि दुसऱ्याचा वाचायला जास्त देते. त्यांना ते अजिबात आवडत नाही. तू मास्टर्स कर किंवा करू नकोस, पण फक्त कोड टाइप करणारा म्हणून नोकरी शोधणार असशील तर मात्र तुझी भीती रास्त आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. प्रबंध इंग्रजीत लिहायचा आहे. एआयकडून लिहून घेतला तर पकडतात का? — छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक

पकडतात, आणि तोंडी परीक्षेत तर दोन मिनिटांत. लिहिलेल्या वाक्याचा अर्थ विचारला की संपलं. तुम्ही काय केलंत ते आधी मराठीत, मित्राला सांगतो तसं लिहा. मग लहान वाक्यांत इंग्रजी करा. व्याकरण तपासायला मदत घेतली तर हरकत नसावी, पण ती घेतल्याचं गाइडना सांगा, त्यांचा नियम विचारा. उचलेगिरीच्या तपासणीत यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत गेलात तर पुन्हा लिहून आणायला सांगतात, त्याहून जास्त असेल तर शिक्षा कडक होते. सगळ्यात जास्त साम्य सापडतं ते ‘आधीचं काम’ या प्रकरणात, कारण तिथे लोक पेपरांचे गोषवारे जसेच्या तसे उतरवतात. ते प्रकरण पेपर मिटून, आठवेल तेवढं लिहा, मग उघडून आकडे तपासा.