पेसमेकर कशासाठी, हे आधी विचार

प्रिय बाळा,

तुझी फाइल काल रात्री नीट पाहिली. हृदयाच्या मधल्या पडद्याची जाडी 19 मिलिमीटर आहे. दुसरं कारण नसताना ती 15 च्या पुढे गेली की डॉक्टर एचसीएम, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, म्हणतात, म्हणून निदानाशी भांडू नकोस. पण ‘पेसमेकर बसवला की सुटलो’ हे तुझ्या घरचं म्हणणं मला पटत नाही.

माझ्या छातीत पेसमेकर आहे, पण तो या आजारावरचा उपाय म्हणून बसवलेला नाही. रक्तवाहिनीतून आत अल्कोहोल टोचून माझ्या पडद्याचा जाड भाग निकामी केला, तेव्हा ठोक्याची वीज नेणारी वाटही बंद पडली. दहातल्या साधारण एकाला असं होतं. 1990 च्या दशकात मात्र हृदयातून रक्त बाहेर पडायची वाट मोकळी व्हावी म्हणून दोन तारांचे पेसमेकर बसवत. ठोका उजव्या कप्प्याच्या टोकाकडून सुरू झाला की जाड पडद्याच्या आकसण्याची वेळ बदलते आणि अडथळा कमी होतो. मोठी आशा होती. पुढे 1999 च्या एका अभ्यासात रुग्णांना न सांगता यंत्र काही महिने चालू, काही महिने बंद ठेवलं. बंद असतानाही बऱ्याच जणांना बरं वाटलं! म्हणून आता आधी औषधं, मग पडद्यावरचा उपचार, आणि त्यासाठी पेसमेकर फार थोड्यांनाच.

तुझे काका भाताच्या लावणीत चिखलात कोसळले ते जागचे उठले नाहीत. माझी खरी काळजी तीच आहे. या आजारात हृदयाचे ठोके बेफाम होऊन माणूस असा कोसळू शकतो, आणि ते ठोके साधा पेसमेकर थांबवत नाही. त्याला आयसीडी, म्हणजे विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारं छातीतलं यंत्र, लागतं. काकांचं हे डॉक्टरांना सांगितलंस का? फाइलमध्ये कुठेच दिसलं नाही. तोवर तालमीत जाऊ नकोस, आणि उन्हात पाणी पीत राहा.

ताईचं स्थळ बघताहेत म्हणून तिचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लांबवताय, हे ऐकून मला वाईट वाटलं. आईबाबांपैकी एकाकडून आजार आला असेल, तर तुम्हा प्रत्येक भावंडाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आज इको चांगला आला तरी काही वर्षांनी पुन्हा करावा लागेल. सोयरीक त्यासाठी थांबली तर थांबू दे.

शनिवारी खानापूरहून सकाळच्या गाडीने बेळगावला या, ताईसकट. गेल्या वेळी डॉक्टरांचं कन्नड आईला नीट कळलं नव्हतं. या वेळी मी शेजारी बसेन.

तुझा,
सर