काका, जिना आणि रोजचा एक फोटो

"रिटायर झाल्यापासून कशातच मन लागत नाही, काय करू?" हा प्रश्न समुपदेशनात महिन्यातून तीन-चार वेळा तरी येतोच माझ्याकडे. मागच्या वर्षी एक काका आले होते (परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय), म्हणजे आले कसले, मुलीने ओढून आणलेलं. गिरगावातली जुनी चाळ, तिसरा मजला, गुडघे दुखतात म्हणून खाली उतरणंच जवळपास बंद. मुलीने चांगला फोन घेऊन दिलेला, तोही नुसता चार्जिंगला.

आमच्यात बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची एक पद्धत आहे, म्हणजे मूड आला की करू असं नाही, आधी छोटंसं काहीतरी करायचं, मूड येतो मागून. मी म्हटलं रोज एक फोटो काढा. काका वैतागले, "कशाचा काढू मॅडम? घर आणि जिना, दुसरं आहे काय?" मग जिन्याचाच काढा म्हटलं, नाहीतरी दम खायला थांबताच ना.

पहिल्या आठवड्यात चार फोटो, एकात नुसता अंगठा.

तिसऱ्या वेळी मात्र स्वारी फोन उघडूनच आत आली. लाकडी पायऱ्या, खालच्या मजल्यावरच्या मधोमध झिजलेल्या, वरच्या मात्र कठड्याच्या बाजूला. "खाली पोरं मधून धावतात, वर येईस्तोवर सगळेच कठडा धरतात. जन्म गेला इथे, हे आत्ता दिसलं." शेजारच्या पोराने शिकवलेलं, फ्लॅश बंद, स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस लॉक, मग बोट खाली ओढून उजेड कमी करायचा, तेव्हा कुठे तो खळगा उठून दिसतो. चार वाजता जाळीतून तिरकं ऊन येतं म्हणून काका चारला उतरायला लागले, उतरलं की कोणी ना कोणी भेटतं, चहा होतो. खरं सांगू, माझ्या मते अर्धं काम त्या चहानेच केलं.

आता हे सगळ्यांना पुरेल असं नाही हां. दोन आठवड्यांच्या वर झोप, भूक उडालेली असेल किंवा जगणंच नको वाटत असेल तर फोटोबिटो राहू द्या, सरळ सायकियाट्रिस्टकडे जा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

शेवटच्या सेशनला काका पंधरा मिनिटं लेट, आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात रमलेले. "मॅडम, तुमची वरून दुसरी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, बघा, भिंतीवर बरोब्बर तिथेच हातांचे डाग." फोटो दाखवला. नऊ वर्षं मी तिथेच ठेचकाळतेय.