जूमलात गावप्रतिनिधीचा 'एडिट' बंद केला, तर तालुका समन्वयकाचाही बंद झाला. असं का?

तुमची अडचण मला अशी समजली: शेतकरी उत्पादक कंपनीची साइट जूमलावर, म्हणजे वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे. दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी अशा चार तालुक्यांचे गावप्रतिनिधी बाजारभाव टाकतात. त्यांना इतरांच्या नोंदी बदलता येऊ नयेत म्हणून त्यांच्या गटाला 'एडिट'साठी डिनाइड (मनाई) दिलं. समन्वयकांचा गट त्याच्याच पोटात आहे आणि त्याला अलाउड (परवानगी) देऊनही उपयोग होत नाही.

होणारच नाही. डिनाइड म्हणजे दांडाच्या तोंडाशी घातलेली माती. खाली वाफ्यात कितीही उकरा, पाणी येत नाही. समन्वयकासमोर अलाउड निवडलं तरी शेजारच्या 'कॅल्क्युलेटेड सेटिंग'च्या रकान्यात 'नॉट अलाउड' आणि कुलूप दिसेल. डिनाइड काढा, 'इन्हेरिटेड' (वरच्या गटाकडून येईल ते) ठेवा. वरून कुठूनच अलाउड आलेलं नसेल तर इन्हेरिटेडचाही अर्थ 'नाही' असाच होतो, फक्त हे 'नाही' खाली बदलता येतं. लहान साइटवर डिनाइड वापरूच नये असं माझं मत. एकच माणूस दोन गटांत असला की एकीकडचं डिनाइड दुसरीकडचं अलाउड खाऊन टाकतं आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

समन्वयक प्रतिनिधीच्या खाली ठेवला आहे, ते मात्र बरोबर आहे. कंपनीच्या तक्त्यात अध्यक्ष वर असतो, जूमलाच्या झाडात जास्त अधिकाराचा माणूस खाली. रजिस्टर्डखाली ऑथर, त्याखाली एडिटर, त्याखाली पब्लिशर. प्रत्येकाला वरच्याचं सगळं मिळतं, शिवाय स्वतःचं थोडं.

आता मांडणी. 'रजिस्टर्ड'खाली 'प्रतिनिधी-दिग्रस' आणि त्याच्या पोटात 'समन्वयक-दिग्रस' असे गट करा. चार तालुक्यांचे आठ होतील. 'मॅनेजर'खाली टांगू नका, तिथून अॅडमिन लॉगिन आणि सगळ्या साइटवर एडिट आपोआप येतं. ग्लोबल कॉन्फिगरेशनला हात न लावता आर्टिकल्सच्या कॅटेगरीत 'दिग्रस' उघडा आणि परमिशन्सच्या टॅबमध्ये प्रतिनिधीला 'क्रिएट' व 'एडिट ओन' (फक्त स्वतःच्या नोंदी बदलणं), समन्वयकाला 'एडिट' व 'एडिट स्टेट' (नोंद प्रकाशित-अप्रकाशित करणं) अलाउड करा. गावांच्या उपकॅटेगरी 'दिग्रस'च्या पोटात असतील तर त्यांना हे वारशानेच मिळतं, गावागणिक बसावं लागत नाही. 'डिलीट' कुणालाच नको. एडिट स्टेट असला की नोंद कचऱ्यात टाकता येते, तेवढं पुरे.

मुख्य कार्यालयातल्या माणसाला तयार 'पब्लिशर' गटात टाका, त्याला चारही तालुके मिळतील. भाव भरायला साइटच्या मेन्यूत 'क्रिएट आर्टिकल' जोडा. प्रतिनिधीला फक्त स्वतःच्या तालुक्याची कॅटेगरी दिसेल.

तपासणी सुपर युजरच्या (सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या) लॉगिनने करू नका, त्याला डिनाइड लागूच होत नाही. दिग्रसच्या प्रतिनिधीचं खातं दुसऱ्या ब्राउजरमध्ये उघडून आर्णीची नोंद बदलता येते का, ते पाहा. गट बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत या.

एक फट मात्र राहते. प्रतिनिधीची नवी नोंद समन्वयक पाहीपर्यंत अप्रकाशित असते, पण एकदा प्रकाशित झाली की 'एडिट ओन'मुळे प्रतिनिधी तीच नोंद परस्पर बदलू शकतो. सोयाबीनचा भाव संध्याकाळी कुणी गुपचूप बदलला, हे नको असेल तर प्रतिनिधीला नुसतं 'क्रिएट' ठेवा आणि चुकीची दुरुस्ती समन्वयकाकडून करून घ्या.