परदेशी मैत्रिणीला नाशिकजवळच्या संस्थेत दोन महिने स्वयंसेवक म्हणून यायचंय. टुरिस्ट व्हिसा चालेल का?

नाही ताई, दोन महिन्यांसाठी नाही चालणार. ई-टुरिस्ट व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा करता येते, पण जास्तीत जास्त एक महिना. त्याहून जास्त राहायचं तर संस्थेचं पत्र घेऊन एम्प्लॉयमेंट व्हिसा काढावा लागतो. मानधन नसलं तरीही. त्यावर संस्थेचं नाव आणि कामाचं ठिकाण यांची नोंद असते. ते कागद जमवण्यात वेळ जातो, म्हणून माझं मत विचाराल तर पहिल्यांदा एकच महिना येऊ द्या.

पैशांचं आधीच सांगून ठेवा. तिकडून वर्गणी गोळा करून थेट संस्थेच्या नेहमीच्या खात्यात टाकायची नाही. परदेशी देणगीसाठी संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि तो पैसा दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. यातलं काहीच नसेल तर चांगली संस्था अडचणीत येईल.

कधी यावं? पेठ, सुरगाण्याकडे मे महिन्यात शाळा बंद, विहिरी तळाला, बायका हंडे घेऊन उन्हात चालत असतात. तेव्हा पाहुण्याच्या अंघोळीचं पाणीसुद्धा कुणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं. पावसात सगळं गाव आवणीला, म्हणजे भातलावणीला, चिखलात. दिवाळीची सुट्टी संपल्यावर यावं, शाळा भरलेल्या असतात. आणि येण्याआधी चार वाक्यं मराठी शिकवा तिला. नागलीची भाकरी पुढे आली की 'पुरे' म्हणता आलं पाहिजे!